अपत्याचे नाव : पालकांच्या हाती सोपवलेली अमानत

माणसाला आयुष्यात पुष्कळ गोष्टी स्वतःच्या प्रयत्नाने मिळतात. नाव मात्र त्याला दुसऱ्यांच्या हातून मिळते. नवजात बालक ते नाकारू शकत नाही, त्याचा अर्थही विचारू शकत नाही. तरीही मक्तबच्या हजेरीपटापासून निकाहनाम्यापर्यंत आणि शेवटी जनाजाच्या घोषणेपर्यंत तेच नाव त्याची ओळख ठरते. म्हणूनच उलेमांनी चांगले नाव हा अपत्याचा पालकांवरील हक्क मानला आहे.

अलीकडे नाव विचारण्यासाठी मशिदीत येणाऱ्या पालकांच्या बहुधा दोन अटी असतात : नाव कुरआनातले असावे आणि मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाचे नसावे. यातील दुसरी इच्छा मुळात वावगी नाही. हजरत जकरिया (अलै.) यांना वृद्धापकाळी पुत्राची शुभवार्ता मिळाली, तेव्हा त्या पुत्राचे नाव स्वतः अल्लाहने ठेवले; आणि यह्या हे नाव यापूर्वी कोणालाही दिलेले नव्हते, हे सूरह मरियममध्ये आवर्जून सांगितले आहे. तेव्हा नाव अपरिचित आहे, एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. प्रश्न आहे तो अर्थाचा.

पहिल्या अटीकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. कुरआनात फिरऔन, हामान आणि कारून यांचीही नावे आली आहेत. म्हणजे एखादा शब्द कुरआनात आहे, एवढ्याने तो नाव ठेवण्याजोगा होत नाही. आज कानाला गोड लागणारा शब्द तिलावत करताना उचलला जातो किंवा मोबाइलवरील यादीतून निवडला जातो. ‘अलैना’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘आमच्यावर’ एवढाच आहे. ‘अनआम’ म्हणजे गुरेढोरे. ‘अनाम’ म्हणजे सृष्टीतील जीव. अशी नावे ठेवणाऱ्या पालकांच्या मनात कुरआनविषयीचे प्रेमच असते, यात शंका नाही. परंतु त्या प्रेमाला अर्थाच्या जाणिवेची जोड हवी. ग्रंथ समजून घेण्यासाठी अवतरला आहे. त्यातील शब्द केवळ नादासाठी वापरणे त्या ग्रंथाच्या हेतूला शोभत नाही.

आपण मराठी भाषक मुसलमान आहोत, म्हणून येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अरबीतील अनेक भिन्न अक्षरे देवनागरीत एकाच अक्षराने लिहिली जातात. ‘अलीम’ हा शब्द ‘ऐन’ने सुरू झाला तर त्याचा अर्थ सर्वज्ञ, ज्ञानी, ‘अलिफ’ने सुरू झाला तर वेदनादायक. ‘मिन्हा’मधील ह ‘बडी हे’चा असेल तर अर्थ देणगी, ‘छोटी हे’चा असेल तर ‘तिच्यातून’. ‘आसिया’ हे फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे पवित्र नाव आहे. पण ‘ऐन’ आणि ‘साद’ने लिहिलेल्या ‘आसिया’चा अर्थ अवज्ञा करणारी असा होतो. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. त्यामुळे नाव ठरवताना ते अरबी किंवा उर्दू लिपीत कसे लिहिले जाते, हे जाणकाराकडून लिहून घ्यावे आणि घरात जपून ठेवावे.

अवज्ञा या अर्थाचे हे नाव पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोरही आले होते. हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे ते नाव होते. पैगंबरांनी (स.) ते बदलून ‘जमीला’ ठेवले. ‘बर्रा’ या नावात स्वतःच्या पुण्यशीलतेची ग्वाही होती. ते बदलून एकीला ‘जैनब’ तर दुसरीला ‘जुवैरिया’ हे नाव दिले. ‘हज्न’ म्हणजे खडकाळ, कठीण जमीन. या नावाच्या एका गृहस्थांना त्यांनी ‘सहल’ म्हणजे सुगम हे नाव सुचवले. वडिलांनी ठेवलेले नाव मी बदलणार नाही, असे त्या गृहस्थांनी सांगितले, तेव्हा त्यांच्यावर सक्ती करण्यात आली नाही. दुसरीकडे उमर, उस्मान, हमजा, तलहा ही नावे इस्लामपूर्व काळापासूनचीच होती. त्यांत काही दोष नव्हता म्हणून ती तशीच राहिली. यावरून पैगंबरांची (स.) कसोटी स्पष्ट होते. नाव कोणत्या भाषेतील आहे यापेक्षा त्यात शिर्क, गर्व, अपमान किंवा अमंगल आशय नाही ना, हे पाहावयाचे असते.

गर्वाच्या संदर्भात ‘शहेनशाह’ या नावाचा विचार करावा. राजांचा राजा हे बिरूद मनुष्याने धारण करणे अल्लाहला अत्यंत अप्रिय आहे, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तसेच आपल्याकडे अब्दुर्रहमान, अब्दुर्रज्जाक, अब्दुलगफ्फार अशी सुंदर नावे ठेवली जातात आणि पुढे हाक मारताना त्यातील ‘अब्द’ गळून पडतो. ‘अब्द’ म्हणजे दास. तो शब्द गेला की दासाला त्याच्या स्वामीच्या नावाने हाक मारल्यासारखे होते. घाईतही पूर्ण नाव उच्चारण्याची सवय घरातूनच लागली पाहिजे.

आता जुन्या पिढीकडे वळू. खानदेश-मराठवाड्यातील आपल्या वस्त्यांत भिकन, दगडू, कचरू, फकिरा अशा नावांचे वडीलधारे आजही भेटतात. शेजारच्या हिंदू घरांतही हीच नावे आढळतात, कारण त्यामागील दुःख एकच होते. एका आईची दोन-तीन मुले पाळण्यातच जात. मग पुढच्या मुलाला नजर लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे वळून पाहू नये, म्हणून त्याला दगड किंवा कचरा म्हटले जाई. त्या मातेच्या वेदनेला हसणारा मनुष्य निर्दय म्हणावा लागेल. परंतु जीवन आणि मृत्यू केवळ अल्लाहच्या हाती आहेत. तो कुरूप नावाने फसत नाही आणि सुंदर नावाने रुष्ट होत नाही. पैगंबर (स.) आपले नातू हसन व हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहचा आश्रय मागत आणि हजरत इब्राहीम (अलै.) हेही आपल्या पुत्रांसाठी असाच आश्रय मागत, असे सांगत. मुलाच्या रक्षणाचा हा मार्ग आपल्याला शिकवलेला आहे.

याहून क्लेशदायक नाव मुलींच्या वाट्याला आले. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला ‘नकुशी’ म्हणजे नको असलेली, असे नाव ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात होती. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा अडीचशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण करण्यात आले. ती प्रथा आपल्या घरातील नव्हती, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कन्याजन्माची वार्ता ऐकून चेहरा काळवंडणाऱ्या पित्याचे वर्णन सूरह नहलमध्ये आहे आणि आपल्या मनाचा आरसा म्हणून ते वाचले पाहिजे. तिसऱ्या मुलीचे नाव ‘हमीदा’ ठेवूनही तिच्या देखत ‘मुलगा झाला असता तर’ असे म्हटले जात असेल, तर कागदावर नाव चांगले असून मनात ती नकुशीच आहे. याउलट सूरह आले-इमरानमध्ये एक आई आपल्या मुलीचे नाव स्वतः ‘मरियम’ ठेवते आणि लगेच तिच्यासाठी व तिच्या संततीसाठी अल्लाहचे संरक्षण मागते. पुत्राची अपेक्षा तिलाही होती. परंतु कन्येचे स्वागत तिने दुआने केले.

वाचकहो, हे सर्व वाचून कोणी दुसऱ्याच्या मुलांची नावे तपासत फिरू नये. एकमेकांची टवाळी करणे आणि वाईट उपनावांनी हाक मारणे यास सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत स्पष्ट मनाई आहे. नाव ठेवताना पालकांकडून अर्थ तपासायचा राहिला, हा त्या बालकाचा अपराध नाही. वर्गात ‘भिकन’ला हसणारा मुलगा आणि ‘अलैना’च्या आईला चारचौघींत खजील करणारी शेजारीण, दोघेही एका अनवधानाचे निमित्त करून उघड गुन्हा करतात. सांगायचेच असेल तर एकांतात, प्रेमाने सांगावे. केवळ अर्थ फारसा नसलेले नाव बाळगण्यात पाप नाही. अर्थ खरोखर वाईट असेल तर ते बदलणे ही सुन्नत आहे. लहानपणी बदलणे सोपे, आणि मोठेपणी राजपत्रात प्रसिद्धी देऊन बदलता येते. पण साठी ओलांडलेल्या भिकनचाचांना त्यांच्या नावावरून छळण्याचा अधिकार कोणालाही नाही. अल्लाहपाशी मोल तकव्याचे आहे.

नाव ठेवण्याची घाईही नसावी. जन्मदिवशी नाव ठेवता येते आणि सातव्या दिवशी अकीक्याच्या वेळीही. जन्माची नोंद 21 दिवसांत करावयाची असते. परंतु नाव ठरले नसेल तर नावाशिवाय नोंद होते आणि ते मागाहून भरता येते. तेव्हा कार्यालयातील घाईचे कारण सांगून पहिला सुचलेला शब्द लिहून देऊ नये. अब्दुल्लाह व अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे आहेत. पैगंबरांची, सहाबा व सहाबियात यांची नावे आहेत. ती मोहल्ल्यात इतरांचीही असतील, तर त्यात उणेपणा कसला? आणि मूल बोलू लागले की त्याच्या नावाचा अर्थ व ते नाव धारण केलेल्या थोर व्यक्तीचे चरित्र त्याला सांगावे. बिलाल नावाच्या मुलाला हजरत बिलाल (रजि.) ठाऊक नसतील, तर आपण त्याला अमानत अर्धीच पोहोचवली.

हे अल्लाह, आमच्या अपत्यांना चांगली नावे देण्याची बुद्धी आम्हाला दे, त्या नावांना साजेसे चारित्र्य त्यांना दे आणि कोणत्याही बालकाच्या मनात आपण नकोसे आहोत ही भावना आमच्यामुळे निर्माण होऊ देऊ नकोस. आमीन.