पूल बांधणे हाही धम्मच



आपल्या बीड जिल्ह्यात गेवराई-माजलगावकडची जमीन काळी. मृगाचा पाऊस झाला की ती फुगते आणि पायवाटेच्या सखल भागात चिखल साचतो. ज्या वस्तीची वाट अशा पाणथळीतून जाते, तिथली पोरे शाळेला मुकतात. अडलेल्या बाईला बाजेवर न्यावे लागते. ही वाट कोणी बांधायची?

संयुक्त निकायातील वनरोप सुत्तात तथागतांनी झाडे लावणारा, पाणपोई व विहीर देणारा आणि पूल बांधणारा यांना पुण्यवान म्हटले आहे. त्यात यज्ञ करणारा नाही, नवस फेडणारा नाही.

कुलावक जातकातला मघ आपल्या सोबत्यांसह वाटेतले दगड काढी, पूल बांधी. गाव दारूपासून दूर झाले, तेव्हा गावच्या मुखियाची दारूवरची व दंडाची कमाई बुडाली. त्याने राजाकडे चहाडी केली. जातकातले चमत्कार बाजूला ठेवा. माणसे मिळून वाट बांधू लागली की कोणाची तरी सत्ता डळमळते, एवढे ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, "बापजाद्यांनी वेठबिगारीत गावाची कामे पुष्कळ केली, आता पुन्हा का?" वेठ हुकमाने होते; श्रमदान आपल्या विचाराने. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला, तो हाच विचार जागा करण्यासाठी. मात्र श्रमदान म्हणजे हक्क सोडणे नव्हे. पक्क्या पुलाचा अर्ज ग्रामपंचायतीत द्याच.

काम अवघड नाही. बाभळीचे दोन सरळ ओंडके सोलून घ्या. सालीखाली कीड लागते. टोके चिखलात न टेकवता कडेच्या घट्ट जमिनीवर, दगडांवर ठेवा. वर आडव्या फळ्या ठोका, पाणी निथळण्यापुरती फट ठेवा. एका बाजूला धरायला बांबू बांधा. प्रत्येक घरातून एक माणूस यावा, बायांनीही यावे.

पूल झाल्यावर त्यावरून कोण जातो, हे विचारू नका. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला आपल्याला सत्याग्रह करावा लागला. ज्याने आपल्याला पाणवठ्यावर मज्जाव केला, त्याचाही नातू आपल्या फळीवरून कोरड्या पायाने शाळेत जाऊ द्या. मैत्री म्हणतात ती हीच.

येत्या मृगाच्या आत एवढे करा.

जय भीम!