ऊन पाण्याचा अधिकार

मार्गशीर्ष-पौषांत फ्रीगंजातील पहाट बोचरी असते, आणि त्या वेळी ऊन पाण्याच्या बादलीएवढी दुसरी संपत्ती नाही असे वाटते. या संपत्तीवर आपला अधिकार किती, असे कोणी विचारल्यास उत्तर ठरलेले आहे : "बिल आम्ही भरतो." हे उत्तर पुरेसे आहे काय?

पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात लाकडे वा कोळसे पेटवावयाचे, भोवती पाणी. पाणी तापविण्यास काय जळते हे तेव्हा डोळ्यांना दिसे, आणि धुराने झोंबेही. तो धूर बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्यास येई. बंब गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र गीझर आल्यापासून जळण दिसेनासे झाले, जळणे थांबलेले नाही.

२० अंश सेल्सिअसचे २० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. मिनिटास १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली १० मिनिटे उभे राहिल्यास आकडा सव्वादोन युनिटांवर जातो. आपल्या राज्यातील विजेचा मोठा भाग कोळशापासून होतो. खंडवा जिल्ह्यातील श्रीसिंगाजी औष्णिक केंद्र त्यांपैकीच एक. (संताचे नाव आणि कोळशाची राख, असा हा योग!) कोळशातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेच्या रूपाने हाती येतो. बिलात कोळशाची व श्रमाची किंमत येते. राखेशेजारी राहणाऱ्याच्या श्वासाची येत नाही. म्हणून पैसे दिले की हिशेब संपला, असे आम्हांस वाटत नाही. अस्तेयाची व्याप्ती येथवर धरणे प्राप्त आहे.

यावरून सर्वांनी गार पाण्यानेच स्नान करावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. वृद्ध, बालके व आजारी यांना ऊन पाणी ही चैन नव्हे. आणि काटकसरीतही एक अन्याय दडलेला असतो. निश्चय करतो घरातील कर्ता पुरुष. पहिल्या दोन बादल्या घेतो तोही तोच. मग गीझर बंद होतो आणि सर्वांमागून स्नानास जाणाऱ्या सुनेला गार पाणी उरते. याला बचत म्हणवत नाही. हा दुसऱ्याच्या अंगावर ढकललेला खर्च आहे.

सवाई जयसिंगाने १८व्या शतकात सूर्याचे वेध घेण्यासाठी ज्या नगरीत वेधशाळा उभारली, तेथे गच्चीवर सौर तापक बसविणे अवघड नसावे. भाड्याच्या घरात गच्ची आपली नसते. तेथे स्नाने लागोपाठ उरकावीत, आणि बटण बंद करावयाचे ते शेवटचे माणूस न्हाऊन आल्यावर.