वृद्धांचे पाय व वृद्धांची स्मृति



शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत बर्जिल्लय गिलादी ह्या ८० वर्षांच्या वृद्धाची हकीकत आहे. दावीद राजा त्यास यरुशलेमेस आपल्या पंक्तीस नेऊं पाहतो. तेव्हां आपणांस बऱ्यावाइटाचा भेद उमगत नाहीं, अन्नाची रुचि कळत नाहीं, गाणें ऐकूं येत नाहीं, असें तो राजासमोर निःसंकोच सांगतो; आणि राजाच्या मनांतील त्याचा मान तिळभरहि कमी होत नाहीं. तथापि हाच वृद्ध राजास पोहोंचविण्यासाठीं रोगलीमाहून यार्देनेपर्यंत आला होता, ही गोष्ट वाचतांना नजरेआड होऊं नये.

आमच्या मंडळ्यांत वृद्धांचा मान निराळ्या रीतीनें राखितात. बापानें साठी ओलांडली कीं मुलगा म्हणतो, "बाबा, आतां बसा." सून सासूच्या हातचें सूप काढून घेते. अंगणांत बाज पडते. पाणी बाजेवर, भाकर बाजेवर. गांव अशा मुलाची वाखाणणी करितो. पुढें म्हातारा नांवें विसरूं लागला, तीच गोष्ट पांच वेळां विचारूं लागला, म्हणजे घरचे म्हणतात, वय झालें.

सगळाच भार वयावर घालतां येत नाहीं. स्वीडन देशांतील गोथेनबर्ग शहरीं १९६८ सालीं ३८ ते ६० वर्षांच्या १९१ स्त्रियांस एका जागीं उभ्या केलेल्या सायकलीवर पाय मारावयास लावून त्यांचा दमसास मोजला, आणि पुढें ४४ वर्षें त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेविली. कमी दमाच्या स्त्रियांत शेंकडा ३२ जणींस स्मृतिभ्रंश झाला, मध्यम दमाच्यांत शेंकडा २५, उत्तम दमाच्यांत केवळ ५. अमेरिकेंत १२० वृद्धांपैकीं अर्ध्यांस आठवड्यांतून तीन दिवस ४० मिनिटें चालविलें. वर्षाअखेर त्यांच्या मेंदूचा, स्मरण राखणारा, भाग सुमारें शेंकडा २ नीं वाढलेला आढळला. केवळ अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग घटला. हें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. चालण्यानें रक्तदाब व मधुमेह आटोक्यांत राहण्यास साहाय्य होतें, आणि ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर मेंदू जगतो त्यांचें रक्षण होतें.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. लंडन येथील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांची २८ वर्षें पाहणी झाली. तींत असें दिसलें कीं, स्मृतिभ्रंश उघड होण्यापूर्वीं सुमारें नऊ वर्षें मनुष्याची हालचाल आपोआप मंदावूं लागते. म्हणजे बसून राहणें हें कधीं रोगाचें कारण, तर कधीं रोगाचें पहिलें पाऊल असतें. ह्यास्तव विसरणाऱ्यास आळशी म्हणूं नये. त्याच्या पापाचें फळ किंवा भुताची बाधा तर मुळींच म्हणूं नये. असें बोलणारे आमच्यांत अद्याप आहेत, ही लाजेची गोष्ट होय.

कोणी उपदेशक तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा ४ था अध्याय पुढें करील कीं, शरीराच्या कसरतीचा लाभ पौलानें थोडाच म्हटला आहे. बरें, थोडा तर थोडा. पौलानें तो नाकारिलेला नाहीं, आणि त्रोवसाहून अस्सापर्यंत सोबती तारवांत असतां तो स्वतः पायीं गेला होता.

जागतिक आरोग्य संघटना वृद्धांस आठवड्यांतून निदान १५० मिनिटें अंग हलवावयास सांगते. त्यास खर्च नाहीं. ओढ्यापर्यंत जाणें, शेळीमागें फिरणें, परसांत खुरपें धरणें पुरे. छातींत कळ येत असेल अथवा तोल जात असेल तर आधीं डॉक्टरांस विचारावें. उपदेशकबंधूंनीं घरभेटीस गेल्यावर बाजेपाशीं प्रार्थना करून निघूं नये. म्हाताऱ्याच्या हातीं काठी द्यावी आणि वेशीपर्यंत त्याच्या पावलानें चालावें. ज्याची स्मृति आधींच गेली त्याचाहि हात धरून चालावें, मग तो आपणांस ओळखो वा न ओळखो. देऊळ जवळ असेल तर रविवारीं आईस मोटारसायकलीवर बसवूं नका. अर्धा तास आधीं घरून निघा.