जवाची देवी, अक्षरांची देवी

प्राचीन सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, धान्याची आणि लेखनाची देवी एकच होती. तिचं नाव निसाबा. पिकाची देवी अक्षरांची कशी झाली? उरुक शहरात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्या पाहिल्या की उलगडा होतो. बहुतेक पाट्यांवर नुसता हिशेब आहे: जव किती आलं, बिअरसाठी किती गेलं, शिधा किती वाटला. ओल्या मातीत बोरूचं टोक दाबलं की नोंद पक्की! कोठार सांभाळता सांभाळता माणूस लिहायला लागला. काव्य मागाहून आलं, आणि मला तरी यात कमीपणा वाटत नाही.

सुमेरमधल्या लगाश शहराचा राजा गुदेआ याला मंदिर बांधायचं होतं. त्याच्या स्वप्नात निसाबा आली; हातात लेखणी, मांडीवर ताऱ्यांची पाटी. त्या स्वप्नाची हकिकत लिहिलेला मातीचा दंडगोल पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

सुमेरी लेखनिक अनेक रचनांच्या शेवटी निसाबाचा जयजयकार लिहीत. पुढे बाबिलोनमध्ये मात्र लेखनाचं खातं नाबू या देवाकडे गेलं.