नकोसे मांजर



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ग्रोटोशेजारी आम्ही मोगरा आणि झेंडू लावला. माती खणली, शेणखत घातले, ढेकळे फोडून वाफे भुसभुशीत केले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला आलेल्या बायकांनी ग्रोटोपाशी नाकाला पदर लावला. वाफा उकरलेला, रोपे आडवी पडलेली आणि मध्येच मांजराने आपले काम उरकून वर माती लोटलेली. सिस्टरांच्या मेथीच्या वाफ्याचीही तीच गत झाली होती.

बायबलमध्ये घरच्या मांजराचा उल्लेख आम्हाला एकाच ठिकाणी सापडतो. बारूखच्या सहाव्या अध्यायात बाबिलोनमधल्या मूर्तींच्या अंगावर वटवाघळे आणि पाखरे बसतात, त्यांच्या जोडीला मांजरेही आहेत. म्हणजे कुठे बसावे आणि कुठे बसू नये हे मांजर तेव्हाही कोणाला विचारत नव्हते.

मिस्सानंतर सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणाले डांबराच्या गोळ्या टाका, कोणी म्हणाले मिरचीपूड पसरा. एका काकांनी उंदराचे औषध आणि बोंबलाचे डोके यांचा उपाय सुचवला, तो इथे सविस्तर लिहीत नाही. तेवढ्यात चर्चच्या सामानाच्या खोलीत, जुन्या बाकांमागे, तीन पिल्ले सापडली, डोळे नुकते उघडलेली. एक उत्साही तरुण गोणी घेऊन आला. "फादर, मी मारणार नाही हं, बाजारात सोडून येतो, तिथे मासळी भरपूर," असे तो म्हणाला. आम्ही मान हलवली.

त्यानंतर चार रात्री ती मांजरी आमच्या खिडकीखाली ओरडत फिरली. सेमिनरीतली तत्त्वज्ञानाची पदवी आमच्या भिंतीवर टांगलेली आहे, तिच्याकडे पाहत आम्ही झोपेची वाट पाहिली. म्हणून हा विषय आज इथे आला आहे. दुसऱ्या कोणाला दोष द्यावा अशी आमची जागा नाही.

आम्ही "मारले नाही" असे म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? दूध पिणारे पिल्लू मासळीच्या ढिगाऱ्याशेजारीही उपाशीच मरते. आपण फक्त एवढे केले की ते मरण आपल्या डोळ्यांसमोर होऊ दिले नाही. न पाहिल्याने कृत्याचे वजन कमी होत नाही, हे आम्ही लग्नाच्या तयारीच्या वर्गात तरुणांना शिकवतो, आणि स्वतः गोणीकडे पाठ फिरवली. देशाचा कायदाही इथे आमच्यापेक्षा जागा निघाला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हाही गुन्हा धरला आहे.

दुसरी गोष्ट रागाची. उकरलेला वाफा पाहून आपल्याला जो राग येतो तो अपमान झाल्याचा असतो, जणू मांजराने मुद्दाम चर्चचीच बाग निवडली. पण कुंपण ही माणसामाणसांतली बोली आहे, मांजर त्या कराराला हजर नव्हते. त्याला मऊ, कोरडी, उकरता येईल अशी माती हवी असते आणि ती आपणच खणून ठेवलेली असते. जिथे दोष नाही तिथे शिक्षेला अर्थ नाही. प्रतिबंधाला मात्र पूर्ण अर्थ आहे. बाग राखायचे काम उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापासून आपलेच आहे. मिरचीपूड ही प्रतिबंधाच्या वेशातली शिक्षा होय. मांजर पंजे चाटते, मग ती आग जिभेला आणि डोळ्यांना लागते. डांबराच्या गोळ्या तर त्याला विषच, आणि बागेत खेळणाऱ्या आपल्या लेकरांनाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिकवले की प्राण्याशी क्रूर वागणारा माणूस पुढे माणसाशीही तसाच वागू लागतो, म्हणून क्रूरता टाळावी. आम्हाला हे खरे वाटते, पण अपुरे वाटते. यात मांजर केवळ आपल्या सरावाचे साधन राहते. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम एक पाऊल पुढे जातो. प्राणी देवाची निर्मिती आहेत आणि आपण त्यांना ममता देणे लागतो, असे तो म्हणतो. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी देव निनवेची कीव करतो, तेव्हा तिथली गुरेढोरेही मोजतो.

एका काकूंनी आम्हाला विचारले, "फादर, माणसे उपाशी असताना मांजरांचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. माणसाच्या दुःखावर खर्चायचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही तोच कॅटेकिझम सांगतो. पण क्रूरता न करायला पैसे पडत नाहीत. आणि जाळीला जो खर्च आला, तो सणाच्या बँडपथकाच्या अर्ध्या तासाइतकाही नव्हता.

होय, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. ती वाफ्यावर आडवी अंथरून कडेने दगड ठेवले. रोपे भोकांतून वर येतात, मांजराला मात्र उकरता येत नाही. मेथीच्या वाफ्यात सिस्टरांनी लिंबाच्या काटेरी डहाळ्या खोचल्या आणि माती ओली ठेवली, कारण ओली माती मांजराला आवडत नाही. संत्र्याच्या साली आम्ही टाकून पाहिल्या. वास असेपर्यंत चालतात, मग पुन्हा पहिले पाढे. मागच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग केला, तो त्यांचा. मासळी साफ केल्याचा कचरा झाकणाच्या डब्यात जाऊ लागला. घाणीची तक्रार करणाऱ्यांचेही बरोबर होते: मांजराच्या विष्ठेतून गर्भवती स्त्रियांना अपायकारक रोग होऊ शकतो, तेव्हा मातीत काम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

खरा उपाय मात्र पशुवैद्याकडे आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विते. पिल्ले उचलून नेली तर ती लवकरच पुन्हा माजावर येते. मोठे मांजर हाकलले तर त्या जागी दुसरे येते. शस्त्रक्रिया झालेले मांजर आपली जागा धरून राहते आणि पिल्ले होत नाहीत.

त्या मांजरीची शस्त्रक्रिया आम्ही जानेवारीत करून घेतली. भूल असतानाच तिच्या कानाचे टोक किंचित कापले आहे, ती ओळखीची खूण. ती आता ग्रोटोच्या पायरीवर ऊन खात बसते आणि आम्ही जवळ गेलो की उठून जाते. पिल्लांचा आम्ही दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन शोध घेतला होता. सापडली नाहीत.

साधारण दहा मीटर जाळी शिल्लक आहे. ज्यांच्या वाडीत हा त्रास असेल त्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत विचारावे.