वृद्धाचा उपचार : भिक्षा कीं हक्क?

उमरेडजवळच्या एका वृद्ध शेतमजुराची कल्पना करा. सत्तरी उलटली आहे व हृदयविकार जडला आहे. "जन्मभर कोणापुढें हात पसरला नाहीं, आतां सरकारची भीक कशाला घेऊं?" असें म्हणून तो खाटेवर पडून आहे. प्रिय वाचकहो, त्याचें म्हणणें योग्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २०१८ सालीं सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेंत आक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षें पुरीं झालेल्या सर्वांस, उत्पन्न कितीही असो, घेतलें आहे. एका कुटुंबांतील अशा वृद्धांस मिळून वर्षाकाठीं ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. मात्र त्यासाठीं योजनेंतील इस्पितळांत दाखल व्हावें लागतें. रोजच्या गोळ्यांचा खर्च तींत नाहीं. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठीं राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे. तिची मर्यादा १ लाख रुपयांची असली, तरी दाखल न होतां घेतलेले कांहीं उपचारही तींत धरले आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुष्कळांनीं थोडथोडें घालून एकाचें जड ओझें उचलावें, हें विम्याचें तत्त्व होय. साबण व काडीपेटी विकत घेतांना त्या मजुरानेंही कर भरलाच आहे. मग स्वतःचा वाटा असलेल्या ठेवींतून घेणें ही भीक कशी?

परंतु एवढ्यानें समाधान होत नाहीं. जन्मतः अपंग असलेली मुलगी कांहींच कमावूं शकली नाहीं, तर तिचा हक्क नाहीं काय? आहे, कारण तो भरलेल्या पैशावर नव्हे, तर ती आपल्यांतीलच एक मनुष्य आहे, यावर उभा आहे. आपण सर्व बाल्यावस्थेंत दुसऱ्यांच्या हातांवरच वाढलों. त्याची कोणास लाज वाटत नाहीं.

तेव्हां लाज कोणास वाटावी? ज्यांस वाचतां येतें व जे तरी शेजाऱ्यास सांगत नाहींत, त्यांस. वृद्धांसाठीं वेगळें कार्ड काढावें लागतें. वय आधारपत्रावरून ठरतें. कष्टानें झिजलेल्या बोटांचा ठसा कित्येकदां उमटत नाहीं; तेव्हां चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे, हें त्यास कोण सांगणार? १४५५५ या क्रमांकावर चौकशी करून, कोणतें इस्पितळ योजनेंत आहे हें आधींच विचारून, त्याच्याबरोबर नागपुरापर्यंत कोण जाणार? या आठवड्यांत आपल्या गल्लींतील एका तरी वृद्धाच्या घरीं जाऊन, त्याचें कार्ड निघालें आहे काय, हें आपण विचाराल काय?