जहाज कोणत्या सालचं?

ऐतिहासिक जहाजाची लाकडी प्रतिकृती करायला बसलेल्या माणसापुढे करवत उचलण्याआधीच एक पेच असतो: जहाज कोणत्या सालचं? ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ पाण्यात उतरलं १७६५ साली आणि ट्रॅफल्गारला लढलं १८०५ साली. दरम्यानच्या मोठ्या दुरुस्तीत त्याच्या पिछाडीचे उघडे सज्जे गेले, सपाट बंद पिछाडी आली. एका सालच्या अंगाला दुसऱ्या सालची पिछाडी जोडली की कधीच न तरंगलेलं जहाज तयार होतं. हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत अशी जहाजं असतात, आणि दिसतातही छान.

मग लाकूड. इथे नेमकेपणाच्या हट्टाची गंमतच होते. मूळ जहाज ओकचं, म्हणून प्रतिकृतीही ओकची केली तर ती फसते. फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८, हे इंग्रजांचं जुनं प्रमाण. त्यात जहाज लहान होतं, पण लाकडाचे रेषे होत नाहीत. ओकची भरड रेघ इवल्या फळीवर बोट जाईल एवढ्या भेगेसारखी दिसते. म्हणून जाणते लोक नासपतीचं किंवा बॉक्सवूडचं बारीक पोताचं लाकूड घेतात. फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दीड इंची खुंटी या प्रमाणात मिलिमीटरहूनही बारीक. बांबूची काडी पोलादी पट्टीतल्या एकाहून एक लहान भोकांतून ओढायची, फळीत बसवायची, वरचं टोक तासायचं, अशा शेकडो. एवढं करून ती सहजी नजरेत भरता कामा नये, कारण खऱ्या जहाजावरही चार हात दूर उभं राहिलं तर ती भरत नसे. खुंट्या ठिपक्यांसारख्या उठून दिसल्या की मला जहाज दिसेनासं होतं, करणाऱ्याची मेहनतच दिसते.

रंगाचं तर विचारू नका. स्टॉकहोमला १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं ‘वासा’ १९६१ मध्ये वर काढलं. ते निळं असावं अशी समजूत होती, तशाच प्रतिकृती रंगल्या. पुढे लाकडावर उरलेले रंगकण तपासले, तर निघालं लाल. ‘व्हिक्टरी’चे सर्वांना तोंडपाठ असलेले पिवळे पट्टेही रंगाच्या जुन्या थरांच्या अभ्यासानंतर २०१५ मध्ये फिकट गुलाबीकडे झुकले. तरी निळं ‘वासा’ करणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याने त्या वेळचा पुरावा प्रमाण मानला. पिछाडीचा घोळ घालणारा मात्र पुरावा असून बघत नाही.

पुरावा भरपूर असलेलं एक जहाज आपल्या मुंबईचंच आहे. ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जमशेदजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधली. १८१७ साली ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे. तिची घडण मुळात इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेली. मुंबईला निघालेले तिचे आराखडे ‘जावा’ या इंग्रजी जहाजावर होते, ते १८१२ मध्ये अमेरिकनांनी जिंकलं आणि आराखडे पुन्हा धाडावे लागले. कागदाशिवाय इंग्रजी आरमाराचं पान हलत नसे. त्याच सवयीवर आजचा हौशी कारागीर जगतो.

आंग्र्यांच्या ‘गुराब’ या लढाऊ जहाजाचं तसं नाही. कोकणातला सुतार नजरेने आणि हाताच्या मापाने बांधी. त्यात १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. उरली ती बहुतेक परक्यांची चित्रं आणि वर्णनं. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो, गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तीनवाली सुमारे तीनशे टनांची, लांबीच्या मानाने फार रुंद, टोकाकडे निमुळती होत सोंडेसारखी पुढे आलेली. एवढ्यावरून बाहेरचं रूप उभं करता येतं. पण आत बरगड्या किती आणि कशा सांधलेल्या, हे तोफेच्या टप्प्यातून बघणाऱ्या शत्रूला कुठून दिसणार?

सतराव्या शतकातल्या इंग्रजी नौदलाच्या प्रतिकृतींत पाण्याखालच्या भागाला फळ्या मारत नसत, बरगड्या उघड्या ठेवत, कारण त्या दाखवण्यासारख्या होत्या. गुराब करणाऱ्याने माझ्या मते उलट करावं. वर्णनाचा आधार आहे तेवढंच रंगवावं आणि अंदाजाचा भाग फिकट, बिनरंगी लाकडात तसाच सोडावा. रंगवायचं राहिलं का, असं पाहुणे विचारणारच. मग त्यांना ऑर्मचं पान काढून द्यावं आणि त्यावरून बरगड्या मोजायला सांगाव्यात.